लाल सेडान आणि सात स्पीडब्रेकर

मखमलाबादच्या पुढे, मळ्यात राहणाऱ्या माणसाने कुठली गाडी घ्यावी याचा काही कायदा नाही. सगळे एक उंच, पांढरी, चिखलात घातली तरी न रुसणारी गाडी घेतात आणि सुखाने राहतात. खंडेरावही शोरूमला गेले ते तसलीच गाडी बघायला. पण दारातच एक लाल सेडान उभी होती. बुटकी, चपटी, डिकीवर पंखासारखा स्पॉयलर, आणि त्या उंच गाडीपेक्षा बरीच स्वस्त. सेल्समन म्हणाला, "काका, टर्बो आहे. शून्य ते शंभर नऊ सेकंदांत." अठ्ठावन्न वर्षांचे खंडेराव तिथेच पाघळले. बायकोला, कुसाबाईला, विचारायला हवं होतं, हे त्यांना सुचलं ते घरी येऊन पेढे वाटताना.

शून्य ते शंभर नऊ सेकंदांत, असेलही. मळा ते मोठा रस्ता मात्र पाऊण तास. कारण मधल्या दोन किलोमीटरांत सात स्पीडब्रेकर. सरकारने त्यातला एकही केलेला नाही. ज्याला आपल्या दारातून जाणाऱ्यांचा राग आला, त्याने चार घमेली सिमेंट ओतून आपापला घालून घेतला. कुणाची कोंबडी मेली म्हणून, कुणाचा नातू रांगायला लागला म्हणून, आणि सहावा तर निव्वळ पाचव्यावर जळून. सगळ्यांत उंच चौथा, लताबाईंच्या दारातला. लताबाई म्हणजे खंडेरावांच्या चुलत भावाची बायको, कुसाबाईची थोरली जाऊ. त्यांच्या ब्रेकरवरून म्हैससुद्धा विचार करून जायची.

पहिल्याच दिवशी त्या चौथ्यावर गाडीचं पोट घासलं. खर्रर्र! खंडेरावांचा चेहरा असा झाला की जणू त्यांचंच पोट सोलवटलं.

"वजन कमी करावं लागंल," ते म्हणाले आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. "उतर जरा."

तेव्हापासून कुसाबाई उतरायची. दार उघडायचं, पदर सावरायचा, ब्रेकर पायी ओलांडायचा आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसायचं. जाताना सात वेळा, येताना सात वेळा. लताबाई ओट्यावर लसूण सोलत तिची वाटच बघत असायच्या. "काय गं कुसा, गाडी घेतली म्हनं! मग अशी पायी का चालती?" कुसाबाई वरवर हसायची, पण तिचा जीव जळायचा. भर भावकीत आपली शोभा होतेय आणि नवऱ्याला काळजी आहे ती पत्र्याची, हे तिला फार लागलं होतं.

आज तर तिच्या भाच्याचं लग्न होतं, गंगापूर रोडच्या लॉन्सवर. ती एकुलती एक आत्या. अंगावर पैठणी, डोक्यात गजरा, आणि सकाळपासून घशाखाली चहाचा घोट नाही. या थाटात लताबाईंसमोर उतरून चालायचं, या कल्पनेनेच तिला रडू येत होतं.

"मला रिक्षा करून द्या," ती म्हणाली.

"दारात टर्बो असून रिक्षा?" खंडेराव मनापासून दुखावले. फेटा बांधून, अत्तर लावून ते स्टिअरिंगमागे कसेबसे मावले.

पहिल्या ब्रेकरला ती उतरली. गाडी घासलीच. दुसऱ्याला उतरली. घासलीच. तिसऱ्याला पैठणीच्या निऱ्या धरून ती कडेला उभी राहिली आणि तिने पहिल्यांदाच गाडीकडे नीट पाहिलं. गाडी उजवीकडे कलली होती. कुसाबाईला पोळ्याच्या वेळचं आरोग्य शिबिर आठवलं. तिचं वजन भरलं होतं शेहेचाळीस किलो. खंडेरावांचं एकशे आठ, आणि तेही डॉक्टरांनी काटा बदलून बघितल्यावर. म्हणजे चार महिने ओझं आत बसलं होतं आणि उतरत होती ती!

तिने जाऊन उजवीकडचं दार उघडलं.

"उतरा."

"आँ?"

"जड कोन हाय आपल्यात? उतरा, गाडी मी काढते."

"अगं येडी का तू! फवारणीचा ट्रॅक्टर नाय हा!"

"क्लच डावीकडंच हाय ना?"

द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर ती सहा वर्षं चालवत होती. वैष्णवीने, लेकीने, स्वतःबरोबर आईचंही लायसन्स काढून घेतलं होतं. मागून दुधाची गाडी हॉर्न वाजवायला लागली, तसे खंडेराव फेटा सावरत उतरले. गाडी तिसऱ्यावरून अलगद निघाली. ते डावीकडे येऊन बसले.

चौथ्यापाशी लताबाई होत्याच. कुसाबाईने ब्रेक दाबला, काच खाली केली आणि लताबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, उतरा."

खंडेराव उतरले. गाडी वर चढली, खाली आली, काही म्हणजे काही वाजलं नाही. लताबाईंच्या हातातला लसूण हातातच राहिला. "भावजी, आज तुमी?"

कुसाबाई खंडेरावांसाठी थांबली नाही. पुढे पाचव्यापर्यंत पाटाच्या कडेने सरळ रस्ता होता. तिने दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला आणि पाय दाबला. इतके महिने झोपलेला टर्बो जागा झाला. पाठ सीटला चिकटली, गजरा मागे उडाला. कुसाबाईला मजा आली. लग्नानंतर तीस वर्षांत आली नव्हती एवढी मजा आली, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

पाचव्याच्या अलीकडे ती थांबली. बऱ्याच वेळाने खंडेराव घामाघूम होऊन पोचले. सवयीने उजवीकडे आले, तिने दार उघडलं नाही, म्हणून वळसा घालून डावीकडे बसले. आता त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटणार, म्हणून तिने पदर खोचला.

"कुसे," ते धापा टाकत म्हणाले, "बाहेरून आवाज लय भारी येतो गं हिचा. मी आजवर ऐकलाच नव्हता."

कुसाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. माणूस खरंच खूष होता.

"अजून तीन हायेत," ती म्हणाली. "उतरा."

खंडेराव निमूट उतरले. दार लावता लावता खाली वाकून म्हणाले, "तिसऱ्या गिअरात जरा जास्त ताण."