माहिती देणाऱ्याचा रकाना

“रोज पानी टाकत असाल तुमी,” कोलू मडावींनी मी आणलेली रोपाची काळी पिशवी अंगणात उलटी केली. ओल्या मातीबरोबर एक कुजलेली मुळी बाहेर पडली. “मंग मरंलच ना थे.”

भद्रावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना मी तीन वर्षं हे झुडूप वाढवून पाहिलं होतं. शेणखत दिलं, सावली दिली, वेळेवर पाणी घातलं. चार पानांपुढे एकही रोप गेलं नाही.

आलापल्लीजवळच्या या गावामागे मुरमाड बरड आहे. अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये कोलूभाऊंनीच मला तिथे नेलं होतं. जळक्या गवताच्या खुंटांमधून वीतभर काड्या वर आल्या होत्या. पान एकही नव्हतं, शेंड्यांना जांभळी फुलं होती. ते या झुडपाला राखफुली म्हणत. तिची शास्त्रीय ओळख पटवायला मला दीड वर्ष लागलं. मग मी अहवाल लिहिला आणि एक प्रत जंगलाच्या कचेरीत दिली.

त्यात ‘माहिती देणारा’ असा रकाना होता. मी लिहिलं: कोलू मडावी, वनमजूर. ही जागा ते दरवर्षी होळीआधी मोहफुलं वेचण्यासाठी पेटवतात. ज्याने दाखवलं त्याचं नाव गाळणं मला अप्रामाणिक वाटलं असतं. शेवटी शिफारस केली: आगीपासून संरक्षण द्यावे.

कचेरीत तो रकाना कबुलीजबाब म्हणून वाचला गेला. कोलूभाऊ चौदा वर्षं त्या कचेरीच्या रोजंदारीवर, जंगलाला आग लागू नये म्हणून राखण करत होते. त्यांचं काम गेलं. मला हे कळायला दोन हजार चार साल उजाडलं.

त्याच मार्चमध्ये कोलूभाऊंच्या घरी येताना मी आधी बरडावर जाऊन आले होते. कमरेएवढं गवत होतं. राखफुली एकही नव्हती.

“कोलूभाऊ, तुमचं काम माझ्यामुळे गेलं. त्या अहवालात मी तुमचं नाव...”

“माहीत हाये. सायबानं वाचून दाखवलं मले.”

“मग मला काही कळवलं का नाही?”

“काय कळवू? तुमी खोटं त नाई लिवलं.”

त्यांच्या बायकोने, सीताबाईंनी, माझ्यासमोर काळा चहा ठेवला. “कागद लय चांगला होता म्हनत, बाई. दोन सालं आमी लोकाइच्या धानाच्या बांधीत रोवणा केला. थो कागद कोनी भातात नाई वाढला.”

“चूप राह्य ना,” कोलूभाऊ म्हणाले.

“काऊन चूप राहू? चहा देऊन राह्यली ना मी.”

मी चहा प्याले. मग कोलूभाऊ मला घरामागे घेऊन गेले. कुंपणाशी खाटेएवढी जागा काळी पडली होती. तिच्यात तीन काड्या होत्या आणि तिन्हींना फुलं होती.

“दर फागुनात इथी पालापाचोळा पेटवतो,” ते म्हणाले. “तिचा जीव खाली राह्यते, मुळात. वरचं जळलं का थे उठते. गवत माजलं का दबून जाते.”

बरडावर पाच वर्षं आग लागली नव्हती. मी मागितलेलं संरक्षण राखफुलीला पुरेपूर मिळालं होतं.

“मी नवा अहवाल लिहिते,” मी म्हटलं. “तिला जगायला आग लागते, हे त्यात लिहिते.”

“लिवा. पण कोनं सांगतलं थे नका लिवू. घरामागचंही नका लिवू.”

“आन् फूल नका तोडू,” दारातून सीताबाई म्हणाल्या.

नमुना दाबून न्यायच्या फळ्या मी सोबत आणल्या होत्या. त्यांचे पट्टे सोडले नाहीत. उकिडवी बसून फुलांचं चित्र काढलं, पट्टीने काड्या मोजल्या. उंची, जमीन, फुलण्याचा महिना, सगळं वहीत भरलं. एक रकाना उरला.

कोलूभाऊ माझ्या खांद्यावरून वहीत पाहत होते. त्यांनी मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. बोटाला राख होती.

“इथी काय लिवता?”

“काही नाही,” मी म्हटलं, आणि पेनाला टोपण लावलं.