चंद्रभानच्या समोरची बाई

नालवाडीच्या आमच्या नाटक मंडळात मी प्रॉम्प्टर आहे. विंगेत स्टुलावर बसायचं, संहितेवर बोट ठेवायचं आणि नट अडला की पुढचे दोन-चार शब्द हळूच सांगायचे. वाचनालयात नोकरी केलेल्या, चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काम नाही. माझ्यावाचून नाटक अडेल असं मला कधी वाटलं नाही. फक्त चंद्रभानला आपली थोडी मदत होते, एवढं वाटायचं. म्हणून स्टूल नेहमी त्याच्या बाजूला ठेवायचो.

चंद्रभान आमचा मुख्य नट. एरवी वर्ध्याच्या बाजारात वांगी-टमाटर विकतो. दिवाळीनंतर राजा होतो, नाहीतर कुणाचा तरी बाप. पाठांतर कच्चं. पण शब्द सापडला की असा बोलतो की मागे बसलेल्या बायाही डोळ्यांना पदर लावतात. त्याच्यासमोर नेहमी समुद्रपूरच्या शालूबाई. नटी बाहेरून बोलावायची आमच्याकडे जुनी रीत आहे. पूर्वी त्यांना कितीतरी गावांहून बोलावणी यायची. आता आमचं एकच उरलं होतं.

यंदा तेही राहतं की जातं, अशी वेळ आली. मंडळ आता चंद्रभानचा भाचा धनंजय चालवतो. हुशार मुलगा. त्याने कॉम्प्युटरवर एक नटीच तयार केली. नाव मोहिनी. मंचावर उभा पडदा, त्यात माणसाच्या उंचीची मोहिनी. ती जगात कुठेही नव्हती, पण पदर कमरेला खोचायची तो थेट आमच्याकडच्या बाईसारखा.

"काका, थे भुलत नाई, तिची गाडी चुकत नाई, तिचा घसा बसत नाई," धनंजय मला म्हणाला. "रंगीत तालमीत जमलं तं मोहिनीच. नाई जमलं तं शालूबाईले फोन लावतो."

शालूबाई याव्यात असं मला वाटत होतं, पण त्याला कारण काय सांगायचं? मोहिनी चांगली होती. तालमीत पहिल्या अंकात तिने सासरी गेलेल्या पोरीचं जुनं झबलं घडी घालून ठेवलं, तेव्हा माझं बोट ओळीवरून पुढे सरकायचं विसरलं.

घोटाळा झाला दुसऱ्या अंकात. आपल्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या पोरीला बाप घरी आणत नाही, आणि आई त्याला विचारते, असा प्रवेश आहे.

"पोरीले आनायले जाता का नाई?" मोहिनीने विचारलं.

चंद्रभान अडला. मी सांगितलं, "ज्या दारातून थे गेली…" तो तसाच उभा. मोहिनी ठरल्याप्रमाणे थांबली आणि मग कळवळून म्हणाली, "असं तोडून नका बोलू जी!" आणि रडू लागली.

तबल्यावर बसलेला तानबा हसत सुटला. "भाऊ बोललेच नाईत, अन् हे रडून राह्यली!"

पुन्हा घेतलं. मी जरा मोठ्याने सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात बोललो की दारात बसलेली पोरं माझ्यामागे ते शब्द म्हणू लागली. चंद्रभानने इकडेतिकडे पाहिलं.

"कोनी बोललं काय?" त्याने विचारलं.

हेच नाटक आम्ही आधी करायचो, तेव्हा या जागी शालूबाई काय करायच्या ते मला आठवलं. त्या माझ्या विंगेजवळच्या माठाकडे यायच्या, गडू भरायच्या, परत त्याच्यासमोर जाऊन म्हणायच्या, "ज्या दारातून थे गेली, थे दार तुमच्यासाठी बंद हाये काय?" हे वाक्य संहितेत नव्हतं. बाई पदरचं घालतात म्हणून मी मनातल्या मनात चिडायचो. माझेच शब्द त्या त्याच्याकडे नेऊन देत होत्या. त्याला मी कधी ऐकूच गेलो नव्हतो.

धनंजयला उपाय लगेच सुचला. "मामाजी, कानात हे टाका. काका तिकडून फोनवर सांगतीन."

चंद्रभानने ते बारीक यंत्र कानात घातलं. या वेळी शब्द पोचले. वाक्यही बरोबर आलं. पण मान एका बाजूला कलती आणि नजर छताकडे.

"भाऊ, बायकोशी बोलून राह्यले का वांग्याचा भाव विचारून राह्यले?" तानबा ओरडला.

सगळे हसले. चंद्रभानने यंत्र काढून धनंजयच्या हातावर ठेवलं. जे इतकी वर्षं त्याने घरातही लपवलं असावं, ते तो सगळ्यांसमोर बोलला.

"मले कमी आयकू येते, बापा. लय वर्सं झाले. शालूबाईचे ओठ पाहून बोलतो मी. हिचेबी पाह्यतो, पन हिच्या ओठात माहे शब्द नाईत."

"मंग मोहिनीच्या तोंडात थे शब्द टाकून देतो ना!" धनंजय म्हणाला.

"अन् मी कुठं अडन? थे मलेच मालूम नाई, तुले कसं मालूम?"

तानबाने तबल्यावरचा हात काढून घेतला. धनंजयने फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल असा धरला.

"काऊन जी?" पलीकडून शालूबाई म्हणाल्या. "तुमची थे पडद्यावरली बाई बिमार पडली काय?"

"नाई, थे बरी हाये. मामाजीच्या कानाचं…"

"थे तं मले कवाचं मालूम हाये. चहा ठेवजो, उद्या एसटीनं येतो."

मोहिनीला कुणी काढून टाकलं नाही. नाटकाच्या सुरुवातीला पडद्यावर येऊन तिने सगळ्यांची नावं सांगितली आणि लोकांनी तिला टाळ्याही दिल्या. पुढच्या वर्षी समोरचा अडला की तिला ते कळेल, असं धनंजय म्हणतो. कळेलही, त्याला पुष्कळ गोष्टी जमतात, आणि मला त्यातलं काही समजत नाही.

यंदा दुसरा अंक सुरू होण्याआधी मी माझं स्टूल उचललं आणि माठाच्या अगदी जवळ नेऊन ठेवलं.