तहातली सून

मी टीव्हीचा रिमोट बोलतोय, बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या बाबारावांच्या सोफ्यावरून. या घरात माझ्यावाचून पान हलत नाही, असा माझा समज होता. तो कसा खोटा ठरला, तेच सांगायचं आहे. कंटाळा आला तर बटण दाबा, तुम्हा माणसांना ती सवय आहेच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की खोक्यातून काढल्या काढल्या बाबारावांच्या बायकोने, वनमालाबाईंनी, मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि वर रबर लावला. तेव्हापासून मी जग त्या पिशवीतूनच पाहतो. सेल संपत आले की माणसं सेल बदलत नाहीत, मलाच तळहातावर आपटतात. पण मी मनावर घेत नसे. ज्याच्या हातात मी, त्याचं घरात चालतं, हे मी रोज बघत होतो.

सकाळी बाबाराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, मला धरून बातम्या बघत. त्यांचा मुलगा सचिन तेलीबांध्याच्या ऑफिसातून आला की क्रिकेट. रविवारची संध्याकाळ मात्र पोरींची. सचिनची धाकटी बहीण अनुश्री आणि उरल्याहून सून म्हणून आलेली क्षमा, दोघी एका शालीत पाय घालून 'नीलशिखर' बघायच्या.

ती मालिका म्हणजे राजवाडे, जादूगार, उडते सर्प आणि सारखे तह. नीलशिखरच्या राजाने धाकटी मुलगी तारिणी शत्रूच्या वज्रगडावर ठेवली होती. सगळे तिला पाहुणी म्हणत. जेवायला चांदीचं ताट, झोपायला मऊ गादी, आणि दाराला बाहेरून कडी. बापाने तह मोडला तर तिचा जीव जाणार आणि तह टिकला तर तिथल्याच राजपुत्राशी लग्न लागणार.

"हिले कोणी विचारलंच नाही का हो वहिनी?" अनुश्रीने एकदा विचारलं.

"राजाच्या पोरीले कोण विचारते," क्षमा म्हणाली आणि शाल स्वतःकडे ओढून घेतली. दोघी हसल्या. मीही खुशीत होतो.

दिवाळीला क्षमा माहेरी गेली. या लोकांत सून माहेराहून आपली आपण परत येत नाही, सासरच्या कुणीतरी घ्यायला जावं लागतं. भाऊबीज झाल्यावर सचिन गेला आणि एकटाच परत आला.

"क्षमा कुठी आहे?" वनमालाबाईंनी विचारलं.

"पाठवत नाही म्हणते तिचे बाबा. साटंलोटं ठरलं होतं म्हणते. अनुश्री अभिनवले द्या अन् क्षमाले घेऊन जा."

अभिनव म्हणजे क्षमाचा भाऊ. साटंलोटं म्हणजे ज्या घरची लेक सून म्हणून आणायची, त्याच घरात आपली लेक द्यायची. मी तेव्हा बाबारावांच्या हातात होतो. त्यांनी आवाज वाढवला. त्यांचा अंगठा घामाने ओला झाला होता.

वनमालाबाईंनी उठून टीव्हीचं मेन बटणच बंद केलं, तेव्हा ते बोलले. सचिनची सोयरीक कुठेच जमत नव्हती. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी क्षमाचे वडील, मिलमध्ये पाळीवर जाणारे यज्ञेश्वर, यांनी अट घातली आणि बाबारावांनी हो म्हणून टाकलं. चार वर्षं जातील, जमाना बदलेल, कोण आठवण ठेवतो, असा त्यांचा हिशेब होता.

"मले विचारलं होतं का?" अनुश्री म्हणाली.

"तुह्यी परीक्षा चालू होती," बाबाराव म्हणाले.

त्या उत्तराचा मला इतका राग आला की बोलता आलं असतं तर मी बोललोच असतो.

मग दिवस फार वाईट गेले. क्षमाला फोन केला की यज्ञेश्वर उचलायचे. सचिन दोनदा उरल्याला गेला आणि दोनदा चहा पिऊन आला. भांडणही त्याला धड करता येत नव्हतं. सुरुवातीला चिडलेल्या वनमालाबाई हळूहळू नरमल्या. अनुश्रीच्या केसांना तेल लावता लावता म्हणायच्या, "पोट्टा वाईट नाही व. मिलमध्ये पक्की नोकरी आहे. अन् क्षमाचं काय करायचं, सांग?" अनुश्री डोकं सोडवून घेऊन उठायची. रविवारी ती मला हातात घेऊन बसायची आणि 'नीलशिखर' लागायच्या आतच चॅनेल बदलायची.

शेवटी एका रविवारी यज्ञेश्वर स्वतःच आले. सोबत अभिनव होता आणि क्षमाही. तिला बघून अनुश्री उठली, पण यज्ञेश्वरांनी लेकीला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि मध्ये स्वतः बसले. पाहुणे आले तरी या घरात टीव्ही बंद करत नाहीत, फक्त आवाज बंद करतात. अनुश्रीने तेवढं केलं आणि मला हातातच ठेवलं.

मला वाटलं होतं माणूस खलनायकासारखा असेल. पण यज्ञेश्वर थकलेले दिसत होते. "इवाई," ते व्याह्यांना म्हणाले, "तुमच्या शब्दावर मी अभिनवसाठी आलेली स्थळं वापस केली. मले लोकं हसून राहिले. आता सरळ सांगा. क्षमाची बॅग गाडीत आहे. हो म्हणा, बॅग आत येते. नाही म्हणा, पोरगी बॅगेसंग वापस जाते."

बाबाराव पोह्यांच्या बशीकडे बघत होते, सचिन फरशीकडे. पडद्यावर तारिणीला नटवत होते, आवाजाशिवाय. अनुश्रीने मला इतकं घट्ट धरलं की पिशवी चुरचुरली.

तिने अभिनवला, इथल्या पोरांच्या सवयीने, हिंदीतच विचारलं, "आपको करनी है ये शादी?"

"मेरे से किसी ने पूछा नहीं," तो खाली मान घालून म्हणाला.

"तू चूप बस," यज्ञेश्वर म्हणाले.

अनुश्रीने क्षमाकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत तिचा चेहरा उतरला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. आणि मला अनुश्रीची पकड सैल होताना कळली. पोरगी हो म्हणणार होती. बापाच्या शब्दासाठी नाही, या एका बाईसाठी. मी आयुष्यात पुष्कळ युद्धं दाखवली आहेत, पण इतका कधी घाबरलो नव्हतो.

"ठीक आहे," ती म्हणाली, "मी..."

"थांब, अनु." क्षमा खुर्चीवरून उठली. "बाबा, बॅग घेऊन जा. मी बॅगेसाठी नाही आली. मी माह्या घरी आली."

"क्षमा, खाली बस."

"मले देऊन टाकलं न तुम्ही? मंग माह्या बदल्यात पुन्हा कायले मागता?"

यज्ञेश्वर उठून उभे राहिले. "तुह्यं माहेर संपलं मंग," ते म्हणाले.

क्षमा वाकून त्यांच्या पाया पडली आणि आत स्वयंपाकघरात गेली. ते चहा न घेताच निघाले. अभिनव दारात घुटमळला, "दीदी" एवढंच म्हणाला आणि गेला. मी अनुश्रीच्या हातातून पडलो. माझं मागचं झाकण तुटलं ते तेव्हा. आता सेल चिकटपट्टीने धरून ठेवलेत.

सून घरी आली, लेक वाचली, गोष्ट संपली असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं. पण क्षमाच्या आईचा फोन येत नव्हता आणि क्षमाने केला तर लागत नव्हता. शब्द आपण मोडला हे बाबारावांना खात होतं. दर रविवारी ते माफी मागायला उरल्याला जायचे आणि आले की क्षमा सासऱ्यांना विचारायची, "मामाजी, आई दिसली का?"

"दिसली. खिडकीत उभी होती. बरी आहे."

एकदा ते आत गेल्यावर क्षमा अनुश्रीला हळूच म्हणाली, "आमच्या घराले रस्त्याकडून खिडकीच नाही व. मामाजी दारापर्यंत जातच नसतील." तिने त्यांना मात्र कधी तसं दाखवलं नाही.

आज दुपारी बाबारावांनी चपला घातल्या तेव्हा तीही उठली. "मामाजी, मीबी येते."

वनमालाबाई घाबरल्या. "अवं, तिकडंच ठेवून घेतलं तर?"

"कोणी घ्यायले येऊ नका, आत्याबाई. मी माह्यी मीच येईन."

आता दिवेलागण झाली आहे. 'नीलशिखर' लागून संपलंही असेल. वनमालाबाईंनी मला मुठीत धरलं आहे, पण टीव्ही लावलेला नाही. अनुश्री दारात उभी आहे. क्षमाचा फोन लागत नाही. मी हुकूम सोडणारा, पण आज या घरात माझं कुणावरच काही चालत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या बैठकीत सोयरीक ठरत असेल, तर हो म्हणायच्या आधी आतल्या खोलीत जा आणि जिचं ठरतंय तिला विचारा. तिची परीक्षा चालू असली तरी विचारा.

गल्लीत ऑटो थांबला आहे. बाबाराव खोकले. मग क्षमाचा आवाज आला.

"आत्याबाई, लवकर चहा मांडा. आई आली आहे. बाबांची ड्यूटी सुटायच्या आत तिले वापस जायचं आहे."