शिवेपर्यंत अँबेसेडर

माझे सासरे रामराव, म्हणजे आमचे मामाजी, यांच्या अँबेसेडरला रिठद गावात म्हैस म्हणतात आणि शेजारच्या रतनसिंगकाकांच्या फियाटला शेळी. ही नावं त्या दोघांनीच एकमेकांच्या गाड्यांना ठेवलीत. "म्हैस हलायलेच घंटाभर लागते," हे काकांचं. "शेळीत बसलं का गुडघे कानाले लागतात," हे मामाजींचं. भांडण ओट्यावर, आणि चहा मात्र दोघांना माझ्या हातचा.

आमच्या घरची रीत अशी, की लग्न झालेल्या पोरीला गावाच्या शिवेपर्यंत घरच्याच माणसानं गाडीतून न्यायचं आणि मधे गाडी बंद पडू द्यायची नाही. शिवेवर नारळ फोडला की ती नवऱ्याच्या गाडीत बसते. माझ्या नणंदांना मामाजींनीच पोचवलं. आता माझ्या लेकीची, वैष्णवीची वेळ आली आणि नेमका त्यांचा डावा गुडघा कामातून गेला. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मी चालवतो म्हणून पाहिलं. पण मामाजींना नातीला स्वतःच न्यायचं होतं.

आदल्या दिवशी त्यांनी गाडी काढून पाहिली. डाव्या पायानं दाबायचा क्लच असला जड, की फाटकाबाहेर पडेपर्यंतच ती दोनदा बंद पडली.

"माही फियाट घे," काका जेवताना म्हणाले. स्वतःच्या पोराला चावी न देणारा माणूस! "क्लच कसा लोण्यावानी हाय. नवरदेवाले तुह्या गाडीत बसवू."

"नवरदेव म्हशीत अन् नवरी शेळीत? काई नको." एवढं बोलून मामाजी ताटावरून उठले. मला असा राग आला! घरात लग्न आणि मामाजींचं मोटारीवरून रुसणं. मग ते अंगणात खुर्चीवर बसून, समोर वीट ठेवून, ती क्लचसारखी डाव्या पायानं दाबायचा सराव करताना दिसले. माझा राग तिथंच विरघळला.

पाठवणीला नवरदेव काकांच्या फियाटमधून पुढे शिवेवर गेला. मामाजी पडल्या चेहऱ्यानं स्टिअरिंगला बसले. वैष्णवी माझ्याजवळ मागे बसायची सोडून पुढचं दार उघडून आत शिरली. आमच्या जुन्या अँबेसेडरचं पुढचं सीट सलग, खाटेएवढं. गियरची दांडी स्टिअरिंगपाशी. ती सरकत पार मामाजींना खेटली, शालू वर धरला आणि मेंदीचा पाय क्लचवर ठेवला.

"आबा, तू फक्त सांगत जाय. दाबाचं काम माह्यावर."

"शालू खराब होईन वं."

"होऊ दे."

"दाब... आता सोड हळूहळू."

गाडी निघाली. मारुतीचा पार गेला, शाळा गेली, गाडी कुठंच बंद पडली नाही. मी मागे बसून रडतही होते आणि हसतही होते.

शिवेवर काकांनी नारळ फोडला. गाडी उभी, इंजिन सुरू, वैष्णवीचा पाय अजून क्लचवर. गियर काढल्याशिवाय तिला तो उचलता येत नव्हता, गाडी बंद पडली असती.

"आबा, न्यूट्रल कर ना. मले उतरू दे."

मामाजींनी दांडीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"पाय दुखला काय वं?"

"नाई."

"मंग राहू दे जराशी," ते म्हणाले.