शून्य मार्कांचं उत्तर

अरुंधती दिघे कापड मिलच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी-पगाराच्या खात्यात, एकोणीस वर्षं टाइपिस्ट होत्या. ब्याण्णव साली मिलला कुलूप लागलं आणि त्यांनी शहराच्या पलासिया भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासचा फॉर्म भरला. कोर्सच्या रकान्यात त्यांनी 'प्रोग्रामिंग' लिहिलं, तशी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटीजी, टाइपिंगचा पण कोर्स आहे ना. तुम्हाला आसान पडेल."

"टाइपिंग मला येतं. जे येत नाही, ते शिकायला आलेय."

बॅचमध्ये सगळी अठरा-वीसची पोरं. शिकवणारे विक्रम सरही पंचविशीचेच. ते फळ्यावर इंग्रजी व्याख्या लिहीत आणि पोरं मान खाली घालून उतरवून घेत. रॅम इज व्होलाटाइल मेमरी. रॉम इज नॉन-व्होलाटाइल मेमरी.

"सर, व्होलाटाइल म्हणजे काय?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"याद करून टाका आंटीजी. एक्झाममध्ये हेच येतं."

पोरं हसली. बाईंनी पेनाला टोपण लावलं. न कळलेली ओळ त्यांनी वहीत घेतलीच नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्या पगारासाठी हजेरी मांडणारा प्रोग्राम लिहीत होत्या. चाळीस ओळी झाल्या आणि वीज गेली. पाऊण तासाने आली, तेव्हा पडदा कोरा होता. एकही ओळ शिल्लक नव्हती.

"फ्लॉपीवर सेव्ह नव्हतं केलं?" सर म्हणाले. "रॅममधलं गेलं मग. व्होलाटाइल म्हणजे हेच."

"हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं," बाई म्हणाल्या आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला बसल्या. आता दर दहा ओळींनी सेव्ह करत.

महिन्याच्या परीक्षेत 'मेमरीचे प्रकार' असा प्रश्न आला. बाईंनी लिहिलं: वीज असेपर्यंतच काम धरून ठेवते ती रॅम. मशीन सुरू कसं व्हायचं हे कारखान्यातूनच जिच्यात लिहून येतं आणि वीज गेली तरी पुसलं जात नाही, ती रॉम. आपण मुद्दाम ठेवलेलं काम राहतं ते फ्लॉपीवर.

शून्य मिळालं. शेजारी लाल शाईत शेरा होता: डेफिनिशन नाही. तेवढ्याने बाई नापास ठरल्या आणि नापास झालेल्यांची नावं टाइपिंगच्या बॅचमध्ये टाकली गेली.

बाई उत्तरपत्रिका घेऊन थेट मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. "देवेंद्रजी, यात चूक काय आहे ते दाखवा."

"ऐसा है मॅडम, रूल म्हणजे रूल. सर म्हणतात तसंच लिहायचं."

"मग लॅबमध्ये चला. मी लिहिलंय ते खरं की खोटं, मशीनलाच विचारू."

देवेंद्रजी कुरकुरत उठले. लॅबमध्ये बॅच बसली होती. बाईंनी आपला प्रोग्राम उघडला, खाली पाच नव्या ओळी टाइप केल्या आणि त्या सेव्ह न करताच फ्लॉपी काढून हातात धरली. मग भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

"अरे मॅडम, मशीन बिघडेल!"

"दिवसातून चारदा वीज जाते, तेव्हा कुठे बिघडतं?"

थोडं थांबून त्यांनी बटण चालू केलं. पडद्यावर आकडे धावू लागले. मशीन स्वतःची मेमरी मोजत होतं.

"पियुष, परीक्षेत तू पहिला आलास ना? सांग, रॅम रिकामी झाली आणि फ्लॉपी माझ्या हातात आहे. मग मोजायला याला कोणी सांगितलं?"

पियुष व्याख्या पुटपुटायला लागला आणि मध्येच थांबला. "रॉम?" त्याने विचारलं. "म्हणजे ती आतच असते? कायम?"

"कायम." बाईंनी आधी मशीन सुरू करायची फ्लॉपी घातली, नंतर आपली. प्रोग्राम परत आला. शेवटच्या पाच ओळी नव्हत्या.

देवेंद्रजींनी घसा साफ केला. "तुम्हाला समजलंय, मी मानतो. पण मार्क तेच राहणार. सोमवारपासून टाइपिंगला बसा."

"मार्क तुमच्याजवळ ठेवा," बाई म्हणाल्या. "बसणार मी इथेच."

सोमवारी त्या आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या. विक्रम सरांनी हजेरी घेतली. यादीत बाईंचं नाव नव्हतं.

"आंटीजी, तुमची बॅच खाली आहे."

"माहीत आहे."

"उठावं लागेल."

"उठवा."

सर फळ्याकडे वळले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. चौथ्या दिवशी सरांनी विचारणं सोडून दिलं. तोवर पियुष आणि आणखी दोघे-तिघे क्लास सुटल्यावर बाईंच्या मशीनपाशी रेंगाळायला लागले होते. काकू, हे जरा समजवा ना, म्हणत.

फेब्रुवारीत प्रत्यक्ष प्रोग्रामची परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अरुंधतीबाईंचा हजेरीचा प्रोग्राम तीनदा चालवून पाहिला, मुद्दाम चुकीचे आकडे टाकून पाहिले. तो अडला नाही. त्यांनी यादी मागवली.

"यांचं नाव कुठे आहे?"

देवेंद्रजींनी खिशातलं पेन काढलं आणि छापील यादीच्या तळाशी हाताने लिहिलं. बाई शेजारीच उभ्या होत्या.

"दिघे," त्या म्हणाल्या. "घ ला मात्रा राहिली."