आजीवन हमी आणि केसाएवढी भेग

मी एक जुनी फ्रेम आहे. सायकलची. मला चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. भिवंडीत धामणकर नाक्याजवळ केसरीनाथ यांचं सायकलचं दुकान आहे. तिथे आत शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर मी टांगलेली दिसते. मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण नवी सायकल घ्यायला येता आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारता, "हिला काय झालंय?" केसरीनाथ आपल्या परीनं सांगतात. पण खरं काय झालं, ते मलाच अजून नीट उमगलेलं नाही. घडलं तसं सांगते. तुम्हाला उमगलं तर मलाही सांगा.

एका कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जोडून, भट्टीत तापवून मला घडवलं. निळा रंग दिला आणि शेवटी माझ्या पोटावर एक स्टिकर चिकटवलं, 'फ्रेमला आजीवन हमी'. तेव्हापासूनच माझा गोंधळ सुरू झाला. आजीवन म्हणजे कुणाचं जीवन? माझं, की मला घेऊन जाईल त्या माणसाचं? आणि हमी नक्की कुणी कुणाला दिली? मला वाटलं, मीच दिली असणार. म्हणून मी मनाशी ठरवलं की आपण काही मोडायचं नाही.

मला घेतलं विनितानं. ती कामतघरची. पडघ्याच्या बाजूला एका मोठ्या गोदामात ती मालाची आवक-जावक बघायची. सकाळची ड्युटी असली की उजाडता उजाडता आम्ही दोघी निघायचो. ट्रकांच्या रांगा, खड्डे, धूळ, पुलाखालचा गार वारा, सगळं माझ्या नळ्यांतून थरथरत जायचं. मला ते फार आवडायचं. चढ आला की विनिता दात-ओठ खाऊन पॅडल मारायची आणि वर पोचल्यावर माझ्या वरच्या नळीवर थाप द्यायची. गोदामाचा वॉचमन कौतुकानं म्हणायचा, "मॅडम, आपकी साइकिल तो बहुत वफादार है." तेव्हा मी नवी कोरी असल्यासारखी चमकायची.

डिसेंबरात दोनशे किलोमीटरची एक राइड होती. विनितानं त्यात नाव घातलं. गोदामातून नाव घालणारी ती एकटीच होती.

आणि ऑगस्टात ते झालं. पडघ्याच्या अलीकडे एक कंटेनर आम्हाला इतका घासून गेला, की विनिता मातीत पडली. कोपर सोललं आणि शर्टाची बाही फाटली. मला साधा ओरखडाही आला नाही. घरी आल्यावर तिनं बाही लपवली, पण तिचे वडील रामनाथ यांनी ती पाहिली. रामनाथ हा बोलणारा माणूस नव्हे. सारं आयुष्य त्यांनी कापड विणणारे लूम दुरुस्त केले. काही बिघडलं की पाना घ्यायचा आणि घट्ट करायचं, एवढं त्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी केसरीनाथच्या दुकानातून एक लोखंडी स्टँड घेऊन आले.

त्याला ट्रेनर म्हणतात. माझ्या मागच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी त्या स्टँडच्या चिमट्यात धरायचा. चाक एका छोट्या रोलरवर टेकतं. मग माणूस घरातल्या घरात हवी तेवढी सायकल चालवू शकतो.

"हितंच चालव," रामनाथ म्हणाले. "डिसेंबरपर्यंत हितंच."

मित्रांनो, त्या खोलीत माझी अक्कल गुंग झाली. चाक तर फिरतंय, मग रस्ता का येत नाही? समोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. आम्ही तासभर जिवाच्या करारावर पळायचो, तरी कॅलेंडर होतं तिथंच. शेजारचे लूम सुरू झाले की जमीन थरथरायची. मला वाटायचं, आला, रस्ता आला! पण कुठला रस्ता? विनिताच्या कपाळाचा घाम थेंब थेंब माझ्यावर पडायचा. रस्त्यावर तो वाऱ्यानं उडून जायचा, इथं माझ्यावरच सुकायचा. तिची आई हौसाबाई दारात उभी राहून बघायची आणि माझ्याइतकीच चक्रावायची.

"पोरगी येवढी घामानं भिजते," ती रामनाथना विचारायची, "आनि जाते कुटं?"

आणखी एक गोष्ट मला कळत नव्हती. विनिता यायच्या आधी रोज सकाळी रामनाथ त्या खोलीत यायचे, चिमट्याच्या मुठीला हात घालायचे आणि पुटपुटायचे, "आजून येक आटा." मूठ थोडी आणखी आवळली जायची. माझ्या मागच्या टोकाला, जिथं आस बसतो, तिथं कळ यायची. रस्त्यावर मी डावी-उजवी झुलायची. इथं विनिता उभी राहून पॅडल मारायला लागली की वरून मी झुलू बघायची आणि खालून मला कुणीतरी जखडून ठेवलेलं असायचं. मी कुणाचं ऐकू? पण मी हमी दिली होती ना! मी गप्प राहिले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टक्कन आवाज झाला. विनितानं पॅडल थांबवलं आणि खाली वाकून बघितलं. माझ्या मागच्या डाव्या टोकाला, आस बसतो तिथं, केसाएवढी भेग पडली होती.

दुसऱ्या दिवशी विनिता आणि रामनाथ मला घेऊन केसरीनाथच्या दुकानात आले. केसरीनाथनी भेगेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "विनिताताई, चिंता नको. आजीवन हमी हाय. फॉर्म भरू, कंपनी नवी फ्रेम देईल."

मी खूश झाले आणि लगेच घाबरलेही. नवी फ्रेम म्हणजे मी नव्हेच. मग आजीवन कोण?

फॉर्ममध्ये सातवा प्रश्न होता : सायकल इनडोअर ट्रेनरवर वापरली आहे का? केसरीनाथनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "हितं 'नाही' असं लिवा. रस्त्यावर खड्ड्यात गेली म्हणा. आपले रस्ते बघून कोन ना म्हननार?"

विनिताच्या हातात पेन तसंच राहिलं. तिनं हमीचं पुस्तक उलटंपालटं केलं. "ह्यात तर ट्रेनरचं नावच नाहीये. चालतं असंही नाही, चालत नाही असंही नाही. मग फॉर्ममध्ये का विचारतात?"

"तेच तर ना," केसरीनाथ म्हणाले. "लिवून टाका 'नाही'."

राइडला जेमतेम पाच आठवडे राहिले होते. विनितानं पेन कागदावर टेकवलं. एक शब्द, आणि नवी फ्रेम घरी आली असती. तेवढ्यात रामनाथ बोलले. इतका वेळ ते दुकानाच्या पायरीवर पाठमोरे बसले होते.

"मी आवळलंय ते."

"काय, बाबा?"

"चिमटा. रोज येक आटा. आनि खोक्यात एक जाड दांडी व्हती, आसाच्या जागी घालायची. मना वाटलं जास्तीची हाय. फळीवर टाकून दिली."

विनिता त्यांच्याकडे वळली. "रोज? कशाला?"

रामनाथनी तळहात चोळले. "तू हलू नयेस म्हनून."

बाहेर रिक्षावाले "पडघा, पडघा" ओरडत होते. केसरीनाथ खाली बघत होते. हळूच म्हणाले, "दांडीचं मी सांगाया पायजे व्हतं, काका. गिऱ्हाइकांची गर्दी व्हती, राहून गेलं."

विनितानं सातव्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं. खाली जागा होती, तिथं सगळं लिहिलं : दांडी बदलली नव्हती, चिमटा फार आवळला गेला होता. कुणी आवळला, ते मात्र लिहिलं नाही.

कंपनीचं पहिलं उत्तर आलं : ट्रेनरवरचं नुकसान हमीत बसत नाही. तिनं उलट विचारलं, पुस्तकात तसं कुठं आहे? दुसरं उत्तर आलं : ट्रेनरचा वापर चालतो, चुकीची जोडणी चालत नाही. तिनं पुन्हा विचारलं, भेग जोडणीनं पडली की मुळातच फ्रेम कच्ची होती, हे फोटोवरून कसं ठरवलंत? त्यावर उत्तर आलंच नाही. केसरीनाथच्या तोंडून ही पत्रं मी ऐकली. पहिलं मला दोष देतं की ट्रेनरला, दुसरं कुणाला देतं, आणि तिसरं जे आलंच नाही ते काय म्हणतं, मला काही सुधरेना. मी वाईट धातूची होते का? की मला कुणी फार जपलं? रामनाथनी तर काळजीपोटीच मूठ फिरवली होती. काळजीनंही धातूला तडा जातो, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असतं?

डिसेंबरची राइड हुकली.

मग केसरीनाथनी त्यांच्या गोदामातून पोलादाची एक जुनी फ्रेम शोधून काढली आणि माझी चाकं, हँडल, सीट, ब्रेक काढून तिला जोडले. एकेक नट सुटत गेला तशी मी हलकी होत गेले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मला पाठीमागच्या कपाटावर टाकू नका, असं विनिताच म्हणाली. "समोर लावा. ट्रेनर घ्यायला येईल त्याला दाखवा." केसरीनाथ आता प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी ती जाड दांडी हातात देतात, मग माझी भेग दाखवतात आणि मगच स्टँड विकतात. घाम धातूला खातो, म्हणून तो पुसायलाही सांगतात.

तर मित्रांनो, तुम्ही सायकल घ्याल तेव्हा रंगाआधी कागद वाचा. कळलं नाही तर विचारा, आणि विचारताना लाजू नका. मोठ्यांनाही कळलेलं नसतं. नट घट्ट करा, पण किती घट्ट ते माहीत करून घ्या. आणि आपल्या वस्तूतून टक्कन आवाज यायच्या आधी कधीतरी तिच्यावरून हात फिरवा.

गेल्या रविवारी सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. विनिता पोलादी सायकलवरून येऊन थांबली, पायांवर पडघ्याच्या रस्त्याची धूळ. तिच्यामागे स्कूटरवर रामनाथ होते. डोक्यावर हेल्मेट, आणि स्कूटरचे मागचे पिवळे दिवे लुकलुकत होते. आता ती रस्त्यावर निघाली की ते मागून येतात, म्हणजे गाड्या तिच्यापासून लांब राहतात.

पाण्याची बाटली भरून घेऊन ती निघाली. रामनाथनी स्कूटर लगेच तिच्या चाकाला लागेल इतकी पुढे घेतली.

विनितानं वळून पाहिलं आणि हसली. "बाबा, मागं राहा. पण चिकटून नको."

रामनाथनी ब्रेक दाबला. ती थोडी पुढे गेली, आणखी थोडी, पार नाक्याच्या गर्दीपर्यंत. मग त्यांनी हळूच रेस दिली.