चिखलात घालायची पँट

टेबलावर चार पँटी ओळीने मांडल्या होत्या आणि पाच शहाणी माणसं त्यांच्याभोवती उभी राहून बोटांनी कापड चोळत होती. पडद्याचं कापड घ्यायला आल्यासारखी. धुण्याच्या खोलीतली मावशी ओले हात पदराला पुसत दाराशी उभी होती आणि मनात म्हणत होती, घ्या, उंटावरून शेळ्या हाकणारे जमले.

ही डोंगराच्या पायथ्याची चौकी. वरच्या वस्त्यांना गाडीरस्ता नव्हता. पावसाच्या दिवसांत औषधं पोचवायची, कुठे दरड आली, कुठे झाड आडवं पडलं ते बघून यायचं, हे काम आठ सायकलस्वार करायचे. जाड टायरच्या दांडगट सायकली, आणि वाट अशी की निम्मा डोंगर अंगावर घेऊन माणूस परत यायचा. तो डोंगर धुवायचं काम मावशीचं. अकरा वर्षं ती तेच करत होती.

अकरा वर्षांत ती एक गोष्ट पक्की शिकली होती. माणूस तोंडाने फसवतो, पँटीने फसवत नाही. गुडघ्यावर चिखल म्हणजे गडी पडला, मग तो कितीही नाही म्हणो. बुडापासून पाठीपर्यंत पट्टा उठला असेल तर जोरात आला. आणि चिखल नुसता घोट्याशी असेल तर साहेब वर गेलेच नाहीत, खालच्या चहावाल्याकडे बसून परत आले. मावशी हे सगळं ओळखायची, आणि ज्याचं त्याला तोंडावर सांगायची. म्हणून चौकीवर तिला मान होता. प्रेम नव्हतं, मान होता.

पँटी घेऊन आलेल्या विक्रेत्याला सगळे चकाचक म्हणत, कारण त्याचं कुठलंही वाक्य त्या शब्दावाचून संपत नसे. त्याने पेल्यातलं पाणी तिसऱ्या पँटीवर ओतलं. पाण्याचे मणी झाले आणि टेबलावरून खाली घरंगळले. पाचही शहाण्यांनी ‘वा’ केलं.

“वीस हजार मिलिमीटर,” चकाचक म्हणाला. “म्हणजे एवढ्या उंचीचा पाण्याचा खांब कापडावर उभा केला तरी आत थेंब जाणार नाही. चकाचक.”

“खांब कुणाच्या मांडीवर उभा करायचा?” मावशीने दारातून विचारलं. “आमच्याकडे पाऊस पडतो, खांब नाही पडत.”

चौकीचे साहेब हसले, पण लगेच गंभीर झाले. “मावशी, या वेळी चूक परवडायची नाही. गुरुवारी सगळ्यांची वरच्या टप्प्यापर्यंत चढाई आहे. जो अर्ध्यातून परत येईल तो भांडारात बसेल. औषधांच्या पेट्यांना चिठ्ठ्या लावेल. मग कुणी मध्ये बोलायचं नाही.”

बोलणं सगळ्यांना उद्देशून होतं आणि बघणं एकीकडे होतं. खिडकीपाशी मावशीची सून उभी होती. आठांतली एकटी बाई. गेल्या पावसात सगळेच भिजून कुडकुडत यायचे, पण ती दोनदा अर्ध्या वाटेवरूनच परत आली होती, पाय बधिर, ओठ निळे. त्याआधी ती सगळ्यांत पुढे असायची. या कामावर तिचा जीव होता. घरात चार शब्द बोलायची नाही, पण डोंगरावरच्या कुठल्या वळणावर कोणता दगड सुटलाय ते विचारा, तासभर बोलेल. आणि मावशीने वर्षभर घरात तिला काय ऐकवलं? “अर्ध्या वाटेवरून परत यायला सायकल कशाला लागते गं? तेवढं मी चालतही जाऊन येईन.” सून ऐकून घ्यायची. तिलाही आता वाटायला लागलं होतं की आपल्यातच दम उरला नाही.

“पँट उभ्याने नाही बघायची,” मावशी पुढे होत म्हणाली. “सायकलवर उभे राहून जाता का तुम्ही? अगं, चल अंगणात.”

मग अंगणात तमाशा झाला. सायकल स्टँडवर लावली, मागच्या चाकाखाली घमेल्यात चिखल ठेवला आणि सून एकेक पँट घालून पेडल मारायला लागली. चाक फिरलं की चिखल थेट बुडाखाली. चकाचक छत्री धरून लांब उभा.

पहिली पँट पायाशी ढगळ होती. दहा फेऱ्यांत तिची कड साखळीत गेली.

“ही घालून डोंगरात गेलीस तर आम्ही तुला खांद्यावर आणायला यायचं,” मावशी म्हणाली. “पुढची.”

दुसरी उभ्याने अंगावर ओतल्यासारखी बसत होती. सून पुढे वाकली मात्र, कमरेशी मागून वीतभर उघडी पडली आणि चाकाने उडवलेला सगळा चिखल तिथून आत.

“मागे खिडकी ठेवलीय,” मावशी म्हणाली. “हवेशीर आहे. पुढची.”

तिसरी ती खांबवाली. एकदम बंद, पाण्याला कुठून वाट नाही. साहेबांचे डोळे चमकले. मावशीने सुनेला पाव तास पेडल मारायला लावलं आणि मग पँट काढून उलटी करून साहेबांच्या हातात दिली. आतून ती पिळून काढावी इतकी ओली होती.

“घाम,” मावशी म्हणाली. “बाहेरचा पाऊस अडवलात, आतला कोण अडवणार? चढताना उकडायचं आणि उतरताना त्याच घामात गारठायचं. ही पँट नाही, उकळायचं पातेलं आहे.”

चौथीत मात्र तिला खोट काढता येईना. बुडाला आणि गुडघ्याला जाड, पाणी न घेणारं कापड. गुडघ्यामागे पातळ, ताणलं जाणारं, वारा जाणारं. पाय अरुंद, घोट्याशी चेन. कंबर मागून उंच. खिसे जवळजवळ नाहीत, म्हणजे चिखल साठायला जागा नाही. सुनेनेही पहिल्यांदाच मान वर केली. “ही चालेल, आई.”

“चालेल काय, हीच. या पाच जणांनी आणखी पाच महिने चोळलं असतं तरी सापडली नसती.”

साहेबांना अजून ती बंद पँटच आवडत होती. मोठ्या माणसांना आकडे आवडतात. पण त्यांनी नमुन्याची एक ठेवून घेतली. सोमवारी सून ती घालून भर पावसात निम्मी वाट चढून आली. पँट बाहेरून चिखलाने गेंड्यासारखी, आतून कोरडी. पाय गरम. मावशी त्या दिवशी चौकीत अशी वावरली जणू मेंढीच्या पाठीवरून लोकर काढून ती तिनेच विणली होती. चकाचकला तिने सांगितलं, “तू नुसता सामान वाहतोस. पारख इथे आहे.”

मंगळवारी तिने ती धुतली. तिच्या पद्धतीने, म्हणजे नीट. आधी पँटीच्या आतलं लेबल कात्रीने कापून टाकलं, नेहमीसारखं. कमरेला टोचतं आणि धुण्यात सुटून दुसऱ्या कपड्याला चिकटतं. कुणी म्हणालंच, मावशी, त्यावर काहीतरी लिहिलेलं असतं, तर तिचं उत्तर ठरलेलं होतं: “अकरा वर्षं धुतेय मी. आता चिंधी मला शिकवणार?” मग साबण, मग शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं वासाचं लिक्विड, झाकणभर नाही, गेल्या वर्षापासून चांगलं दोन झाकणं. चौकीच्या पँटी वाळल्या की त्यांना फुलांचा वास यायचा आणि हाताला त्या लोण्यासारख्या लागायच्या. दुसऱ्या कुठल्या चौकीचे कपडे असे नव्हते, हे ती येईल त्याला सांगायची.

बुधवारी सकाळी सून पुन्हा निघाली आणि तासाभरात परत आली. पँट चिंब. बुडाला पाणी पोचलेलं, मांड्या बर्फासारख्या. ती खुर्चीत बसली. तिच्याबरोबर गेलेला मुंगी नावाचा म्हातारा स्वार मात्र खडखडीत कोरडा होता. मुंगी हे नाव त्याला चढावर कधी न थांबण्यावरून पडलं होतं.

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने चकाचकला सगळ्यांसमोर झोडपलं. “एका धुण्याची पँट विकतोस? पहिल्या दिवशी नवरी आणि दुसऱ्या दिवशी पोतेरं? लाज असेल तर नमुना घेऊन चालता हो.” चकाचकने तोंड उघडलं, तिने ते बंद केलं. साहेबांनी सुस्कारा टाकला आणि त्या बंद पँटींच्या मागणीचा कागद पुढे ओढला. मग सुनेकडे न बघता म्हणाले, “उद्या जमेल ना तुला? नाहीतर भांडारात जागा आहेच.”

सून म्हणाली, “बघते.”

ते ‘बघते’ मावशीला आवडलं नाही. तिला रडणं चाललं असतं, भांडण चाललं असतं. ती पाय आपटत मागच्या अंगणात आली, आणि राग काढायला तिला मुंगीची पँट सापडली. शेडखाली दोरीवर एकटीच लोंबत होती. मुंगी आपली पँट कधीच मावशीला द्यायचा नाही. वासाने शिंका येतात म्हणायचा आणि नळाखाली स्वतः खळबळायचा. पाच वर्षांचं ते जुनेर, रंग उडालेलं, दोन ठिकाणी ठिगळ. मावशी त्याला म्हणायची, “तुझ्या पँटीला बघून चिखलही नाक मुरडतो.”

“हिला बघू काय सोनं लागलंय,” असं म्हणून तिने टिनपाट भरून पाणी त्या पँटीवर फेकलं.

पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून खाली पडले.

मावशीने पुन्हा फेकलं. पुन्हा मणी. मग ती आतून सुनेची नवी पँट घेऊन आली, शेजारी धरली आणि तिच्यावर थोडं ओतलं. कापडाने ते गपकन पिऊन टाकलं. एकच पाऊस, एकच वाट, एक पँट पाच वर्षांची आणि एक तीन दिवसांची. मावशीने मुंगीच्या पँटीची कंबर उलटी केली. तिथे लेबल होतं. होणारच, तिची कात्री तिथे कधी पोचलीच नव्हती. अक्षरं बारीक होती, तिने उजेडाकडे धरून वाचली. साधा साबण. पाण्याने तीन वेळा खळबळा. कोमट हवेत सुकवा. आणि खाली, जाड अक्षरांत: सॉफ्टनर वापरू नका, कापडाची पाणी अडवण्याची ताकद जाते.

ती तिथेच उलट्या बादलीवर बसली. मग उठली. सुनेची पँट घेतली, साध्या साबणाने धुतली, सात पाण्यांतून काढली, ड्रायरच्या कोमट हवेत फिरवली आणि पाणी ओतून बघितलं. मणी झाले. थोडे चपटे, पण झाले.

लिक्विडची बाटली मोरीत ओतून टाकली असती आणि गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तिकडे साहेबांचं पेन त्या कागदावर टेकत होतं, आणि गुरुवार उद्यावर होता.

“सही थांबवा,” ती आत शिरत म्हणाली. चकाचक नमुना पिशवीत भरत होता. सून खुर्चीतच होती. मावशीने मुंगीची आणि सुनेची, दोन्ही पँटी टेबलावर टाकल्या आणि दोन्हींवर पाणी ओतलं. दोन्हींवर मणी झाले. कागदही भिजला.

“पँटीत खोट नाही,” ती म्हणाली. “धुण्यात आहे. मी जे वासाचं लिक्विड घालते, त्याने कापड पाणी प्यायला लागतं. लेबलवर लिहिलेलं असतं. लेबलं मी कापते.”

सगळे तिच्याकडे बघत राहिले. ते तिला सहन होईना, म्हणून ती नेहमीच्या आवाजात पुढे गेली. “माझ्याकडे काय बघताय? अकरा वर्षं तुमचे कपडे फुलांसारखे वास मारतायत. डोंगरात चिखल तुडवणाऱ्याला फुलांचा वास कशाला, हे तुमच्यातल्या एकाच्या तरी डोक्यात आलं का? पाच जण टेबलाभोवती बसून कापड चोळता. धुतात कशाने, हे कोण विचारणार? तुमचे पूर्वज?” मग आवाज खाली आला. “आणि मी तर तुमची सगळ्यांची गुरू.”

चकाचक हळूच म्हणाला, “मी सकाळी तेच सांगणार होतो, मावशी.”

“मग ओरडून सांगायचं. घसा काय विकायला ठेवला होतास?”

“म्हणजे गेल्या वर्षी...” साहेब सुनेकडे बघत म्हणाले.

सून उठली. टेबलापाशी आली आणि मण्यांवरून बोट फिरवून बघितलं. “म्हणजे माझा दम संपला नव्हता,” ती म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही. मग सासूकडे वळून, “वर्षभर तुम्ही मला काय काय बोललात, आई.”

मावशी पदराने टेबलावरचं पाणी पुसायला लागली.

साहेबांनी ओला कागद फाडला आणि चौथ्या नमुन्याच्या आठ पँटी मागवल्या. त्या येईपर्यंत घालायच्या जुन्या पँटी त्याच संध्याकाळी प्रत्येकाने स्वतःच साध्या साबणाने धुऊन काढल्या.

गुरुवारी पाऊस असा पडला की वाट आणि ओढा वेगळे दिसत नव्हते. सात जण दुपारपर्यंत परत आले, दोघे अर्ध्यातून. सून सगळ्यांत शेवटी आली, कारण वरच्या टप्प्यावर पोचल्यावर ती पलीकडच्या वस्तीत औषधं देऊन आली होती. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. केसांपासून बुटांपर्यंत चिखल. साहेबांनी वहीत खूण केली आणि अर्ध्यातून परतलेल्या दोघांसाठी भांडाराची किल्ली काढली.

अंगणातल्या नळावर स्वार रांगेने आपापल्या पँटी धूत होते. मावशीवर आता कुणाचा भरवसा नव्हता. एक जण कापडावर ब्रश घासत होता, दुसरा नुसता नळाखाली धरून गप्पा मारत होता. मावशी आपल्या रिकाम्या टबाशी बसून हे बघत होती आणि तिचा जीव जळत होता. गाढवं. कापड आहे ते, करपलेली कढई नव्हे.

सून नळाकडे गेली नाही. कपडे बदलून ती सरळ धुण्याच्या खोलीत आली आणि पँट टबात टाकली.

“यांना धुता येत नाही,” ती म्हणाली.

“ते तर कुणालाच येत नाही,” मावशी म्हणाली आणि बाह्या वर सारल्या.

सून गेली नाही. टबाशेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. अकरा वर्षांत मावशीच्या हाताकडे असं कुणी बघितलं नव्हतं. तिने साबण लावला, चिखल सोडवला, पाणी ओतलं, खळबळलं. एक. दोन. तीन.

“झालं,” मावशी म्हणाली.

“आणखी एकदा.”

मावशीने वर बघितलं. सुनेने नजर हलवली नाही. मावशीने नळ सोडला.